हॅकेथॉनमध्ये मुलं नेमकं काय करतात? बोंडअळीच्या सापळ्यावरून समजून घेऊ

ऑगस्ट-सप्टेंबर आला की नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, हिंगणा रोडपासून काटोल रोडपर्यंत, एकच धावपळ सुरू होते. सहा जणांची टीम जमवायची, प्रॉब्लेम स्टेटमेंट निवडायचं, पीपीटी करायची, कॉलेजच्या अंतर्गत फेरीतून पुढे जायचं. घरी फोन जातो, "आई, या शनिवारी येत नाही, हॅकेथॉन आहे." आईला वाटतं परीक्षा असेल, बाबांना वाटतं कॉम्प्युटरची काहीतरी स्पर्धा असेल. पुढे कधी पेपरात फोटो येतो, मोठा चेक हातात धरलेली मुलं. पण त्यांनी काय बनवलं, ते चालतं कसं आणि कुठे अडतं, हे त्या बातमीतून कळत नाही. हा लेख त्या आईबाबांसाठी आहे, आणि पहिल्यांदाच टीम शोधणाऱ्या सेकंड इयरच्या मुलामुलींसाठी.

हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या वेळात, ठरलेल्या प्रश्नावर, चालवून दाखवता येईल असं काहीतरी उभं करण्याची स्पर्धा. भर आहे तो चालवून दाखवण्यावर. नुसती कल्पना सांगून भागत नाही. १९९९ मध्ये ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवणारे प्रोग्रामर कॅनडातल्या कॅलगरीत एकत्र बसून काम करायला जमले होते, तेव्हापासून हा प्रकार या नावाने रुळला. आपल्याकडे तो घराघरांत पोहोचला २०१७ पासून, केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे. त्यात मंत्रालयं, सरकारी विभाग आणि कंपन्या आपापल्या अडचणी प्रश्नांच्या रूपात मांडतात. विद्यार्थी त्यातला एक निवडतात. सहा जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी असावीच लागते. आधी कॉलेजात चाळणी, मग देशपातळीवर कागदावरची चाळणी, आणि मग अंतिम फेरी. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते, हार्डवेअरची काही दिवस.

या ३६ तासांबद्दल एक गैरसमज आहे. मुलं रिकाम्या हातांनी जातात आणि दीड दिवसात शून्यातून यंत्र उभं करतात, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही आणि व्हायलाही नको. चांगल्या टीमने प्रश्न महिनाभर आधीच फोडलेला असतो. वापरलेला बराचसा कोड जगभरच्या प्रोग्रामरांनी आधीच लिहून मोकळा ठेवलेल्या लायब्रऱ्यांतून येतो. ती चोरी नाही. मुलांचं स्वतःचं काम असतं ते हे तुकडे कुठल्या प्रश्नासाठी, कुठल्या क्रमाने आणि कुठल्या मर्यादेत जोडायचे हे ठरवणं. माझ्या मते हॅकेथॉनमध्ये खरा कस कोडिंगचा लागतोच असं नाही. प्रश्न किती बारीक कापला आणि कापलेल्या तुकड्याचं उत्तर किती प्रामाणिकपणे तपासलं, इथे टीमा एकमेकींपासून वेगळ्या होतात.

हे कोरडं वाटेल, म्हणून आपल्या भागातला एक प्रश्न घेऊन शेवटपर्यंत जाऊ. टीम काल्पनिक आहे, अडचणी सगळ्या खऱ्या आहेत.

प्रश्न कापायचा कसा

समजा, टीमने विषय घेतला: कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. विदर्भातल्या कुणालाही हा विषय समजावून सांगावा लागत नाही. भारतात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणांना, २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये आलं, आणि पुढच्या काही वर्षांत गुलाबी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात केलेलं नुकसान अजून लोकांच्या तोंडी आहे. ही अळी बोंडाच्या आत शिरते. बाहेरून बोंड चांगलं दिसतं आणि एकदा ती आत गेली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

"गुलाबी बोंडअळीवर उपाय" हा प्रश्न सहा मुलांनी घेऊ नये. त्यावर शास्त्रज्ञांची आयुष्यं गेली आहेत. पण त्याच प्रश्नाचा एक छोटा तुकडा असा आहे, जो टीमच्या आवाक्यात येतो. अळी दिसत नसली तरी तिचा पतंग पकडता येतो. मादीच्या गंधासारखा कृत्रिम गंध भरलेली गोळी, म्हणजे ल्यूर, सापळ्यात लावतात आणि नर पतंग त्यात येऊन पडतात. याला कामगंध सापळा म्हणतात. शिफारस अशी की सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ किंवा त्याहून जास्त पतंग आढळले, तर फवारणीसारखी उपाययोजना करण्याची वेळ आली असं धरायचं. फुलांमध्ये डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेल्या कळ्या, किती आहेत तेही पाहतात, पण आपण सापळ्यापुरतंच बोलू.

आता नियम तर आहे. मग अडतं कुठे? टीममधल्या एकीचं घर यवतमाळकडे आहे असं धरा. ती घरी फोन लावते.

"बाबा, सापळ्यातले पतंग तुम्ही रोज मोजता का?"

"रोज कुठी होते वं बाई. वावरात गेलो अन् दिसले त पायतो, नाही त नाही."

या एका उत्तराने प्रश्न बदलतो. शेतकऱ्याला नियम माहीत नाही असं नाही. नियम सलग तीन रात्रींचा आहे आणि रोज मोजणं होत नाही, ही अडचण आहे. मग टीमचं वाक्य असं होतं: "रात्रीतून सापळ्यात किती पतंग पडले, हे माणूस धुऱ्यावर न जाता सकाळी कळवता येईल का?" इथे रोग ओळखायचा नाही, औषध सुचवायचं नाही, बाजारभाव दाखवायचे नाहीत, चॅटबॉट तर नाहीच. बहुतेक टीमांना हे जड जातं. एका ॲपमध्ये दहा गोष्टी असल्या की प्रोजेक्ट मोठा दिसतो असं त्यांना वाटतं. पण दहापैकी नऊ गोष्टी तपासलेल्या नसतात आणि ज्युरीतला शेती कळणारा माणूस नेमका त्या नऊंपैकी एकीवर बोट ठेवतो.

मिलिमीटरला किती ठिपके

मोजायचं म्हणजे फोटो काढायचा आणि त्यातले पतंग मोजणारा प्रोग्राम चालवायचा. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडे शेतात बऱ्याचदा नरसाळ्याचा सापळा असतो, ज्याच्या खाली प्लॅस्टिकची पिशवी लोंबते. पतंग त्या पिशवीत एकावर एक पडतात. कॅमेऱ्याला तो ढीग दिसतो, पतंग वेगळे दिसत नाहीत. म्हणून टीमला चिकट कागदाचा, तंबूसारख्या आकाराचा डेल्टा सापळा घ्यावा लागतो. इथे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. सापळ्याचा प्रकार बदलला की पकड बदलू शकते. मग "८ पतंग" हा आकडा या सापळ्याला जसाच्या तसा लागू होतो का? त्यासाठी शेजारी नेहमीचा सापळा लावून दोन्हींतली मोजणी काही दिवस रोज लिहून ठेवावी लागेल. हे काम वहीवर पेनाने होतं, त्याला कोड लागत नाही. मला विचाराल तर टीममधला सगळ्यात काटेकोर मुलगा किंवा मुलगी याच कामावर बसवावी.

कॅमेरा म्हणून मुलं बहुतेक ईएसपी३२-कॅम हा छोटा बोर्ड घेतात. काही शे रुपयांत मिळतो, त्यावर २ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि वायफाय असतं. त्याचा फोटो १६०० बाय १२०० ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा. चिकट कागदाची २० सेंटिमीटरची बाजू त्या १६०० ठिपक्यांत बसवली तर एका मिलिमीटरला ८ ठिपके मिळतात. ८ मिलिमीटरचा पतंग म्हणजे सुमारे ६४ ठिपके. एवढ्यात पतंग ओळखता येतो.

मात्र प्रतिमा ओळखणारी अनेक तयार मॉडेलं, म्हणजे उदाहरणांच्या फोटोंवरून शिकवलेले प्रोग्राम, फोटो आधी लहान करून घेतात, समजा ३२० ठिपके रुंद. मग तोच पतंग ६४ ऐवजी १३ ठिपक्यांचा उरतो. चिकटलेला पतंग, वाळलेलं पान आणि मातीचा खडा यांत फरक करायला १३ ठिपके पुरत नाहीत. रात्रभर मॉडेलला शिकवूनही ते सुधारत का नाही, याचं उत्तर बऱ्याचदा एवढ्या साध्या भागाकारात असतं. उपाय असा की फोटो लहान करायचा नाही, त्याचे ३२० बाय ३२० चे तुकडे करायचे, सुमारे २०, आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. तुकड्याच्या कडेवर बसलेला पतंग दोन्हीकडे मोजला जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. आणि कागद रोज बदलत नसल्यामुळे आजच्या मोजणीतून कालची वजा करावी लागते. आठवड्याभरात कागदावर धूळ बसते, जुने पतंग सुकतात, मुंग्या येऊन त्यांचे तुकडे नेतात. मग वजाबाकी कधी उणे येते. ती तशी आली तर प्रोग्रामने काय करायचं, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असावं लागतं.

बॅटरी, सिम आणि ७० अक्षरं

लॅबमध्ये चाललेला बोर्ड वावरात का बंद पडतो, हे समजायला विजेचा हिशेब पुरतो. बोर्ड जागा असताना साधारण २०० मिलिॲम्पिअर घेतो असं धरा. २५०० मिलिॲम्पिअर-तासांची एक बॅटरी त्यावर साडेबारा तास चालेल. पण नियम रात्रीच्या मोजणीचा आहे, म्हणजे पहाटे एक फोटो पुरे. दिवसातून एक मिनिट जागं राहायला साडेतीन मिलिॲम्पिअर-तासही लागत नाहीत. मग बॅटरी वर्ष-दोन वर्षं चालावी ना? तसं होत नाही, कारण झोपेतही बोर्ड थोडी वीज खात असतो. ती ५ मिलिॲम्पिअर असेल तर २४ तासांत १२० होतात, आणि बॅटरी तीन आठवड्यांच्या आतच संपते. फोटो काढायला लागते त्याच्या कितीतरी पट वीज नुसतं झोपून राहण्यात जाते. हे ज्या टीमला कळतं ती एक छोटं टायमर सर्किट बसवून बोर्डचा पुरवठाच तोडते, पहाटे जोडते, काम झालं की पुन्हा तोडते. शेतीतल्या नियमाने इलेक्ट्रॉनिक्सची रचना ठरवली, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. थेट प्रक्षेपण दाखवण्याच्या हौसेपायी जी टीम कॅमेरा दिवसभर चालू ठेवते, तिला सोलर पॅनेल, मोठी बॅटरी आणि मग चोरीची भीती, असं एकामागून एक विकत घ्यावं लागतं.

पुढचा टप्पा म्हणजे आकडा शेतकऱ्यापर्यंत पोचवणं. नागपूरच्या बर्डीत जाऊन मुलं सिम८००एल नावाचं जीएसएम मॉड्यूल, म्हणजे सिम घालून मोबाइल नेटवर्कला जोडणारा भाग, आणतात, कारण ते स्वस्त आहे. दोन गोष्टी इथे हमखास नडतात. एक, हे मॉड्यूल टूजीवर चालतं आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे खिशातलं जिओचं सिम त्यात घालून काही होत नाही. दुसरी, नेटवर्क शोधताना ते क्षणभर २ ॲम्पिअरपर्यंत करंट ओढतं. आर्डुइनोसारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या पिनवरून पुरवठा दिला असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि मॉड्यूल पुन्हा सुरू होतं, पुन्हा शोधतं, पुन्हा बसतं. दिवा लुकलुकत राहतो आणि टीम कोडमध्ये चूक शोधत बसते. चूक कोडमध्ये नसतेच. वेगळा, दमदार पुरवठा आणि मॉड्यूलजवळ वीज क्षणभर साठवणारा एक मोठा कपॅसिटर एवढाच उपाय असतो. फोटोही पाठवायचा असेल तर फोरजीचं मॉड्यूल घ्यावं. महाग आहे, पण त्रास वाचतो. फोटो सर्व्हरवर जातो, तिथे मोजणी होते, आणि शेतकऱ्याला एसएमएस येतो.

एसएमएस कशाला, व्हॉट्सॲप आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. पण साधा फोन असलेल्या माणसालाही एसएमएस मिळतो. फक्त एक बारकावा आहे. इंग्रजी अक्षरांतला एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला ७०. आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. "काल रात्री ११ पतंग. सलग दुसरी रात्र ८ च्या वर. उद्या पुन्हा पाहा." हा निरोप मोजला तर ६५ भरतो. बसला. याच निरोपात "नमस्कार शेतकरी बंधू" घातलं की तो दोन एसएमएसचा होतो आणि खर्च दुप्पट. असा निरोप लिहून तो मोजणारी मुलगी टीममध्ये असेल तर तिला "कोडिंग येत नाही म्हणून पीपीटीवर बसवलंय" असं म्हणू नये. शेतकऱ्याच्या हातात शेवटी पडणारी वस्तू तिनेच बनवलेली असते.

९६ टक्के अचूक म्हणजे काय

हॅकेथॉनच्या जवळजवळ प्रत्येक पीपीटीत एक स्लाईड असते: "ॲक्युरसी ९६ टक्के." आईबाबांना तो आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाटतो. तसा तो नाही.

साधा हिशेब करू. हंगामातल्या १०० रात्रींपैकी १० रात्री खरोखर धोक्याच्या आहेत. एका टीमचं यंत्र बंद पडलंय आणि ते रोज "धोका नाही" एवढंच सांगतं. ते १०० पैकी ९० वेळा बरोबर ठरतं. ॲक्युरसी ९० टक्के, आणि उपयोग शून्य. म्हणून दोन आकडे वेगळे विचारायचे: धोक्याच्या १० रात्रींपैकी किती पकडल्या, आणि यंत्राने ओरडून सांगितलेल्या रात्रींपैकी किती खऱ्या निघाल्या. पहिला आकडा कमी असेल तर बोंडं जातात. दुसरा कमी असेल तर फवारणीचे पैसे फुकट जातात, आणि दोनदा फसलेला शेतकरी तिसऱ्यांदा एसएमएस वाचत नाही. यातली कुठली चूक जास्त महागात पडते हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा घरी फोन लावायचा.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि शेतीवरच्या बहुतेक विद्यार्थी प्रोजेक्टना ती लागू होते. पानांचे रोग ओळखणारी ॲप्स मुलं फार बनवतात. त्यांचा आधार बहुतेकदा एकच असतो: प्लांटव्हिलेज नावाचा फोटोंचा संग्रह, १४ पिकांचे ५४ हजारांहून जास्त फोटो. २०१६ मध्ये त्यावर शिकवलेल्या एका मॉडेलने त्याच संग्रहातले बाजूला ठेवलेले फोटो ९९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखले होते. पण त्याच संशोधकांनी वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो त्याला दाखवले, तेव्हा हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास आला. कारण संग्रहातली पानं तोडून, सपाट पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेले आहेत. वावरात पान हलतं, त्यावर सावली पडते, मागे आणखी पन्नास पानं असतात.

आणि आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट अशी की या १४ पिकांत कपाशी नाही. तूर नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानं. संत्र्याचा एकच रोग आहे, ग्रीनिंग. म्हणजे विदर्भातल्या टीमने या संग्रहावर ॲप बनवलं तर ते टोमॅटो, द्राक्ष आणि सफरचंदावर हुशार होतं, आणि पऱ्हाटीसमोर आंधळं. मॉडेल कितीही नवं आणलं तरी यात फरक पडत नाही. आपल्या मातीतले फोटो आपल्यालाच काढावे लागतील. याबद्दल मला फार मनापासून वाटतं, कारण हे काम नागपूरच्या मुलांइतकं सहज दुसरं कुणी करू शकत नाही. वसतिगृहांत राहणारी कितीतरी मुलं वर्धा, यवतमाळ, अमरावती, भंडाऱ्याच्या शेतकरी घरांतून येतात. सुट्टीत घरी जाताना त्यांच्या खिशात चांगला कॅमेरा असतो आणि उतरल्यावर समोर वावर असतं.

मोजमापाची ही गोष्ट शेतीपुरती नाही. पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारा प्रोजेक्ट घ्या, दरवर्षी होतो. त्यातला अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाची लहर पाठवतो, ती परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. इंटरनेटवरच्या कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो. तो २० अंश तापमानाचा आहे. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर टाकीतली हवा ४५ अंशांवर गेली तर वेग ३५८ मीटरच्या आसपास जातो. २ मीटर अंतर मोजताना ८-९ सेंटिमीटरची चूक होते. घरच्या टाकीला चालून जाईल. पण हाच सेन्सर नाल्यावर लावून पुराचा इशारा देऊ म्हणणाऱ्या टीमने आधी त्याची चूक मोजून घ्यावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि आसपासच्या वस्त्या पाण्यात गेल्या. तेव्हापासून हा विषय शहरातल्या मुलांना जवळचा वाटतो आणि तो घ्यावाही. फक्त इशारा देणाऱ्या यंत्राला साध्या टाकीच्या यंत्रापेक्षा कितीतरी कडक तपासणी लागते, हे धरून चालावं.

ज्युरीसमोर

अंतिम फेरीत मेंटर फिरत असतात, अधूनमधून तपासणीच्या फेऱ्या होतात आणि शेवटी सादरीकरण. टीम पहिल्या फेरीत ऐकलेली सूचना दुसऱ्या फेरीपर्यंत अमलात आणते का, हे बारकाईने पाहिलं जातं. आता कोड लिहून देणारी एआयची साधनं सगळ्यांकडे आहेत, त्यामुळे "किती कोड लिहिला" याला पूर्वीइतकी किंमत राहिलेली नाही. "हा आकडा इथे ८ च का धरला?" "नेटवर्क दोन दिवस गेलं तर?" अशा प्रश्नांना टीममधल्या कुणीही, फक्त लीडरने नाही, उत्तर देता आलं पाहिजे.

इथे भाषेबद्दल बोलणं भाग आहे. ज्या मुलीने बाबांशी फोनवर बोलून प्रश्न कापला, तिला इंग्रजीत सादर करायला सांगितलं की ती गप्प होते आणि तिच्या वतीने दुसरंच कुणीतरी बोलतं. मग उत्तरातला जीव जातो. कॉलेजच्या अंतर्गत फेरीत तरी मराठीत, हिंदीत, वऱ्हाडीत बोलू द्यावं. तांत्रिक शब्द इंग्रजीच राहतील, राहू देत. आपण तपासतो आहोत ती समज, आणि ती ज्या भाषेत पक्की आहे त्याच भाषेत नीट दिसते.

नंतर काय

बहुतेक प्रोजेक्ट स्पर्धेनंतर थांबतात. सेमिस्टरचे पेपर येतात, फायनल इयरवाले प्लेसमेंटला लागतात, फुकटच्या सर्व्हरची मुदत संपते, आणि बोर्ड पुढच्या प्रोजेक्टसाठी काढून घेतला जातो. सगळ्याच प्रोजेक्टच्या कंपन्या व्हाव्यात असा आग्रह धरायचं कारण नाही. पण जे पुढे न्यायचे आहेत त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली पेटंटची. भारतात नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही. हार्डवेअरच्या रचनेत खरंच काही नवं असेल तर अर्ज करता येतो, पण तो सगळं जाहीर करण्याआधी. स्टेजवर सर्किट उलगडून दाखवलं, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि मग अर्ज केला, तर ती रचना नवी राहत नाही. तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल, अर्ज आधी करून ठेवला की पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत २०२१ पासून आहे, म्हणून कॉलेजच्या विभागाकडे आधी विचारावं. हक्क टीमचा किती, कॉलेजचा किती, हे मैत्री टिकून आहे तोवर कागदावर लिहून घ्यावं. पेटंटसारखं काही नसेल तर कोड मोकळ्या परवान्यावर ठेवून द्यावा. पुढच्या बॅचला तिथून सुरुवात करता येते. अपलोड करण्याआधी त्यातले पासवर्ड आणि एपीआय की, म्हणजे इतर ऑनलाइन सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या, काढून टाकाव्यात. एकदा चढलेली किल्ली नंतर पुसली तरी जुन्या नोंदीत दिसत राहते.

दुसरी गोष्ट माणसांची. या विषयातले जाणकार नागपुरात दाराशी आहेत, याचा आपल्या मुलांना पुरेसा अंदाज नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर. महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, ते १९०६ पासूनचं. पाणी आणि हवेसाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, उपग्रहाच्या नकाशांसाठी व्हीएनआयटीच्या आवारातलं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. आधी पत्र, मग फोन, आणि "सर, आम्हाला प्रोजेक्ट सुचवा" असं न म्हणता "सर, डेल्टा सापळ्यात आणि नरसाळ्याच्या सापळ्यात पकड किती वेगळी येते, हे तुमच्याकडे मोजलंय का?" असा प्रश्न घेऊन जायचं. नेमका प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला शास्त्रज्ञ वेळ देतात.

शाळेतल्या मुलांसाठीही दार उघडं आहे. सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब देशभरात हजारो शाळांत आहेत, एका लॅबला सरकारकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आपल्या मुलाच्या शाळेत ती असेल तर तिचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं, हे पालकांनी जरूर विचारावं.

आणि टीम शोधणाऱ्यांसाठी वेळेचा एक हिशेब. कॉलेजची अंतर्गत फेरी साधारण सप्टेंबरच्या आसपास होते, स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची अंतिम फेरी अलीकडची काही वर्षं डिसेंबरात झाली आहे. मधले महिने कपाशीला फुलं-बोंडं लागण्याचे, म्हणजे नेमके पतंगांचे. अंतर्गत फेरीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. दोन-तीन घरच्या वावरांत मिळून पाच चिकट सापळे लावा, रोज सकाळी घरच्या कुणाला तरी एकाच उंचीवरून एक फोटो काढायला सांगा, आणि हाताने मोजलेला आकडा तारखेसह वहीत लिहायला सांगा. ६० दिवसांत ३०० फोटो होतात. निवड झाली तर यंत्राची मोजणी त्या वहीशी ताडून पाहता येईल. निवड नाही झाली तरी वही आणि फोटो कापूस संस्थेत घेऊन जा.